सिरियल ट्रान्सीव्हर जोडला की मायक्रोकंट्रोलरची पिन पुन्हा पुन्हा का उडते?

तक्रार साधारण अशी असते. बोर्ड नवा असताना सगळं नीट चालतं. काही आठवड्यांनी डेटा यायचा थांबतो. कंट्रोलर बदलला की पुन्हा चालू, आणि मग परत तीच पिन जाते. बाकीचा कंट्रोलर ठणठणीत असतो. एलईडी लुकलुकतो, डिस्प्लेवर आकडे येतात, रिले ओढतात. फक्त ट्रान्सीव्हरच्या (लांबच्या वायरीवरचा सिग्नल आणि कंट्रोलरच्या पिनचा सिग्नल यांची अदलाबदल करणारी चिप) आरओ पायाला, म्हणजे आलेला डेटा कंट्रोलरला देणाऱ्या पायाला, जोडलेली रिसीव्हची पिन मेलेली असते. कधीकधी तिच्याबरोबर ट्रान्समिटची किंवा दिशा बदलणारी पिनही जाते.

अशा वेळी चिपच्या दर्जाला नावं ठेवून तिसरा, चौथा कंट्रोलर लावला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की पिन आपोआप मरत नाही. तिच्यातून जाऊ नये तो करंट कुठल्यातरी वाटेने गेलेला असतो, आणि ती वाट सापडेपर्यंत नवी चिप लावणं म्हणजे तीही घालवणं. मेलेली चिप लगेच डीसोल्डर करून फेकू नका. करंट कुठून आला याचा सगळ्यात चांगला पुरावा तीच देते.

आधी पिन खरंच मेली आहे का?

मेलेली म्हणून आलेल्या बऱ्याच पिना जिवंत निघतात, म्हणून सुरुवात इथून.

रीसेट दिल्यावर डेटा पुन्हा यायला लागला, तर पिन मेली नव्हती. एसटीएम३२ या कंट्रोलरवर हे फार दिसतं. आधीचा बाइट वाचला जाण्याआधी पुढचा आला की यूएआर्टमध्ये (कंट्रोलरच्या आतला सिरियल पोर्ट) ओव्हररनचा, म्हणजे बाइट हुकल्याचा, फ्लॅग लागतो. एसटीएम३२ च्या तयार हॅल लायब्ररीत इंटरप्टने रिसीव्ह करत असाल तर ती ही चूक गंभीर धरते आणि रिसीव्ह थांबवते. एरर कॉलबॅकमध्ये रिसीव्ह पुन्हा सुरू करायची ओळ नसेल तर पोर्ट कायमचा मुका होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला पिन गेली असं वाटतं. आरएस-४८५ मध्ये एकाच वायरजोडीवर आळीपाळीने पाठवलं आणि घेतलं जातं. दिशा बदलताना लाइनवर कचरा बाइट येतात, त्यामुळे हा प्रकार तिथे जास्त होतो.

रीसेटने सुधारलं नाही, पण सप्लाय पूर्ण काढून परत दिल्यावर सुधारलं, आणि मधल्या काळात चिप बोट ठेवता येणार नाही इतकी तापली होती, तर तो लॅच-अप, म्हणजे चिपच्या आत सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाट उघडून तशीच अडकून राहणं. चिप अजून जिवंत आहे, पण मर्यादेबाहेरचा करंट पिनमधून गेला हे आता नक्की. याला शेवटची ताकीद समजा.

ईएसपी३२ या कंट्रोलरची स्वतःची वेगळी कारणं आहेत. त्याच्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत. त्यातली एखादी डीई-आरई साठी (ट्रान्सीव्हरचे दिशा बदलणारे पाय) घेतली तर ती कधीच हाय होणार नाही. रोव्हर मॉड्यूलवर १६ आणि १७ या पिना आतल्या जादा रॅमला जोडलेल्या असतात, रूम मॉड्यूलवर मात्र त्या मोकळ्या असतात. एकाच प्रोग्रॅमने एका बोर्डवर चालणं आणि दुसऱ्यावर न चालणं हे बहुतेक वेळा याचमुळे. १२ नंबरची पिन तर जपून वापरावी. बूटच्या क्षणी ती हाय दिसली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायला निघते आणि ३.३ व्होल्टच्या फ्लॅशचा बोर्ड सुरूच होत नाही. मॅक्स ४८५ या आरएस-४८५ ट्रान्सीव्हरच्या बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर चारही लॉजिक पायांना १० के चे पुलअप (पाय हायकडे ओढणारे रेझिस्टर) लावलेले असतात. ते या पिनवर आले की बोर्ड बंद, आणि मॉड्यूल काढलं की चालू.

आर्डुइनो उनोवर शून्य नंबरच्या पिनला आरओ जोडला की प्रोग्रॅम अपलोड होत नाही. यूएसबीकडून येणारा सिग्नल तिथे १ के रेझिस्टरमधून येतो आणि आरओ थेट येतो, त्यामुळे आरओ जिंकतो. अपलोडपुरती ती वायर काढली की झालं.

या सगळ्यातून पार पडल्यावर शेवटची खातरजमा: ट्रान्सीव्हर पूर्ण सुटा करा, कंट्रोलरची ट्रान्समिट पिन त्याच्याच रिसीव्ह पिनला १ के रेझिस्टरमधून जोडा आणि काही अक्षरं पाठवा. ती परत आली तर कंट्रोलरवरचा संशय सोडून द्या, दोष ट्रान्सीव्हरच्या बाजूला आहे.

मीटर काय सांगतो

साधा मल्टीमीटर डायोड मोडवर पुरतो. सप्लाय बंद, आणि ट्रान्सीव्हर सुटा केलेला. तो जोडलेला असताना त्याच्या आतले डायोडही रीडिंगमध्ये मिसळतात आणि उत्तर खोटं येतं.

लाल प्रोब ग्राउंडवर, काळा पिनवर. चांगल्या पिनवर ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास दिसतं. हा पिनपासून ग्राउंडकडचा संरक्षक डायोड. मग काळा प्रोब ३.३ व्होल्टच्या लाइनवर आणि लाल पिनवर. हा वरचा डायोड. लाइनवरचे कपॅसिटर चार्ज होईपर्यंत आकडा सरकत राहतो, तो थांबेपर्यंत दम धरा. आकडा एकटा वाचू नका. त्याच चिपच्या, त्याच प्रकारच्या, न वापरलेल्या पिनशी ताडून पाहा. ५ व्होल्ट सहन करणाऱ्या पिनांमध्ये वरच्या बाजूला सरळ डायोड नसतो, म्हणून तिथे 'ओपन' दिसणं बिघाड नाही.

शून्याच्या जवळचं रीडिंग म्हणजे शॉर्ट. खालचा डायोड ओपन म्हणजे पिनची आतली तार किंवा डायोड जळून तुटला. ३.३ च्या लाइनकडे शॉर्ट दिसत असेल तर जादा व्होल्टेज वरून आल्याचा संशय घ्यावा, ग्राउंडकडे शॉर्ट असेल तर उणे व्होल्टेजचा. हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, कारण मोठ्या झटक्यात दोन्ही बाजू जातात. पण शोध कुठून सुरू करायचा हे तेवढ्याने ठरतं.

अर्धमेल्या पिना डायोड मोडला फसवतात. त्यांच्यासाठी पिन इनपुट करा, आतला पुलअप चालू करा, बाहेर काहीही जोडू नका आणि व्होल्टेज मोजा. चांगली पिन लाइनइतकंच, म्हणजे ३.३ व्होल्ट दाखवते. एसटीएम३२एफ१०३ मध्ये हा पुलअप साधारण ४० के असतो. समजा पिनवर १.३ व्होल्टच मिळाले, तर राहिलेले २ व्होल्ट ४० के वर पडतायत, म्हणजे पिनमधून ५० मायक्रोअँपिअर गळतायत. अशी पिन असलेला बोर्ड टेबलावर पास होतो, आणि पॅनेलमध्ये दुपारी तापल्यावर बाइट गाळायला लागतो, कारण गळती तापमानाबरोबर वाढते. 'सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं' अशी तक्रार आली की मी आधी हे मोजतो.

सगळ्यात जास्त बळी घेणारं कारण: ५ व्होल्टचा आरओ, ३.३ व्होल्टची पिन

मॅक्स ४८५ हा ४.७५ ते ५.२५ व्होल्टचा आयसी आहे. त्याचा डीआय पाय (कंट्रोलरकडून पाठवायचा डेटा घेणारा) २ व्होल्टलाच हाय समजतो, म्हणून ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरने पाठवलेलं त्याला बरोबर कळतं. पाठवणं जमलं की जोडणी बरोबर आहे असा समज होतो. उलट दिशेला मात्र आरओ पाय ५ व्होल्टला जातो, आणि लाइन मोकळी असताना तो हायच असतो. म्हणजे डेटा येत नसतानाही, दिवसरात्र, कंट्रोलरच्या पिनवर ५ व्होल्ट उभे असतात.

ब्लू पिल बोर्डवरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये याचा फरक फार स्वच्छ दिसतो. यूएआर्ट १ ची रिसीव्ह पिन पीए१० आहे आणि ती ५ व्होल्ट सहन करणारी आहे. यूएआर्ट ३ ची पीबी११ सुद्धा. यूएआर्ट २ ची पीए३ मात्र तशी नाही, तिची कमाल मर्यादा ४ व्होल्ट. तेच मॉड्यूल, तीच वायर आणि तोच प्रोग्रॅम पीए१० वर वर्षानुवर्षं चालतो आणि पीए३ वर पिन खातो. यूएआर्ट १ डिबगसाठी ठेवून मोडबस (यंत्रांमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) यूएआर्ट २ वर नेण्याचा प्रघात सर्रास दिसतो, आणि नेमकं तिथेच घात होतो. डेटाशीटच्या पिनांच्या तक्त्यात 'एफटी' (५ व्होल्ट सहन करणारी) हा शेरा असलेलीच पिन निवडा. हे काम पाच मिनिटांचं आहे.

पीए३ वर घडतं काय? पिन साधारण ३.९ व्होल्टला पोचली की वरचा डायोड उघडतो आणि उरलेला करंट ३.३ च्या लाइनमध्ये जातो. एका पिनमध्ये असा घुसवलेला करंट ५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसावा असं डेटाशीट सांगतं. मॅक्स ४८५ चा आरओ ४ मिलिअँपिअर देतानाही किमान ३.५ व्होल्ट राखतो, आणि शॉर्ट केला तर ७ ते ९५ मिलिअँपिअरपर्यंत काहीही देऊ शकतो. मध्ये रेझिस्टर नसेल तर ५ ची मर्यादा ओलांडायला फार काही लागत नाही. पिन लगेच मरत नाही. डायोडच्या सांध्याची झीज होत जाते, गळती वाढते, आणि एके दिवशी रिसीव्ह बंद होतं. त्याआधी बऱ्याचदा शेजारच्या पिनांवरची ॲनालॉग रीडिंग हेलकावे खायला लागतात. पाण्याच्या टाकीची पातळी उगाच वरखाली दिसते, तेव्हा सेन्सरकडे बोट दाखवलं जातं आणि मूळ रोग तसाच राहतो.

घुसलेला करंट ३.३ च्या लाइनमध्ये गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे क्वचितच तपासलं जातं. एएमएस१११७ सारखा रेग्युलेटर करंट देऊ शकतो, ओढून घेऊ शकत नाही. कंट्रोलर जागा असेल तोवर तो हा करंट खाऊन टाकतो. तो स्लीपमध्ये गेला की खाणारं कोणी उरत नाही आणि लाइनच ३.३ च्या वर चढायला लागते. मग त्या लाइनवरचे सेन्सर, मेमरी, सगळे त्या जादा व्होल्टेजखाली येतात. स्लीप वापरणाऱ्या यंत्रात सेन्सर आणि रिसीव्हची पिन असे दोन्ही बिघाड एकत्र दिसले तर मीटर लाइनवर ठेवून कंट्रोलर झोपताना पाहा.

ईएसपी३२ साठी डेटाशीट सप्लायच्या ०.३ व्होल्ट वरपर्यंतच परवानगी देतं, म्हणजे ३.६. 'माझ्याकडे ५ व्होल्टवर दोन वर्षं चालतंय' असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण कारखान्यात किंवा शेतात लावायच्या यंत्रासाठी तो आधार पुरेसा नाही.

यावरचा सरळ इलाज म्हणजे ३.३ व्होल्टचाच ट्रान्सीव्हर: मॅक्स ३४८५ किंवा एसपी३४८५. पाय तेच, त्याच क्रमाने, फक्त सप्लाय ३.३. मॅक्स ४८५ चंच मॉड्यूल हाताशी असेल तर आरओ पासून पिनपर्यंत १.८ के आणि पिनपासून ग्राउंडला ३.३ के लावा. पिनवर ३.२ व्होल्टच्या थोडं वर येतं. ११५२०० बॉडला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. पिनच्या चिमूटभर कपॅसिटन्सने येणारा उशीर त्यापुढे नगण्य, तेव्हा वेग कमी होईल ही भीती नको. मॅक्स ४८५ लाच ३.३ व्होल्ट देऊन चालवणं मात्र टाळा. टेबलावर दोन फुटांच्या वायरवर ते चालतं, कारण तिथे काहीही चालतं. लांब लाइनवर तो आयसी हमी दिलेल्या हद्दीच्या बाहेर असतो.

त्या निळ्या मॉड्यूलवरचे १० के चे पुलअपही ५ व्होल्टला आहेत हे विसरू नका. त्यातून पिनमध्ये येणारा करंट ०.१ मिलिअँपिअरच्या घरातला असतो, त्याने पिन मरत नाही. पण रीसेटमध्ये कंट्रोलरच्या पिना मोकळ्या असताना डीई हाय राहतो आणि ट्रान्सीव्हर बस, म्हणजे सगळ्या यंत्रांची सामायिक लाइन, पकडून बसतो. लाइट जाऊन आल्यावर सगळी यंत्रं एकदम सुरू होतात, तेव्हा सगळेच ट्रान्सीव्हर एकमेकांविरुद्ध ढकलतात. मॅक्स ४८५ चा ड्रायव्हर शॉर्टमध्ये २५० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. आयसी तापतो, आणि तो मेला की आरओ पायावर काय येईल याचा भरवसा नाही. डीईला ४.७ के चा पुलडाउन लावून भागेल असं वाटतं, पण १० के समोर त्याने पायावर १.६ व्होल्ट राहतात, लो समजायला ०.८ च्या खाली हवेत. मॉड्यूलवरचा पुलअप काढून १० के चा पुलडाउन लावा. तो काढणं शक्य नसेल तर १ के चा पुलडाउन चालतो, ०.४५ व्होल्ट येतात.

एक बंद, एक चालू

कंट्रोलरचा सप्लाय बंद आणि ट्रान्सीव्हरचा चालू, ही परिस्थिती घडते कशी? ट्रान्सीव्हरचे ५ व्होल्ट पॅनेलच्या सप्लायवरून आणि कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवरून चालवताना हमखास. यूएसबी काढली की कंट्रोलर बंद व्हायला हवा. पण बोर्डवरचा लाल एलईडी मंद जळत राहतो. तो करंट आरओ मधून, पिनच्या डायोडमधून, ३.३ च्या लाइनमध्ये येतोय. मीटर लावला तर लाइनवर दोन-सव्वादोन व्होल्ट सापडतात. म्हणजे अख्खा बोर्ड एका पिनच्या डायोडमधून पोसला जातोय. ५ व्होल्ट सहन करणारी पिनही इथे वाचवत नाही, कारण एसटीएम३२एफ१०३ मध्ये ती सहनशक्ती सप्लायच्या ४ व्होल्ट वरपर्यंत असते. सप्लाय शून्य असेल तर मर्यादाही ४ च.

तपासणी सोपी आहे: सप्लाय एकेक करून काढा आणि दर वेळी ३.३ ची लाइन मोजा. ०.३-०.४ व्होल्टच्या वर काही दिसलं की कुठून तरी चोरवाट आहे. इलाज म्हणजे दोघांना एकाच सप्लायवर घ्या, आणि तरीही मध्ये १ के ठेवा.

आरएस-२३२ वाल्यांसाठी थोडक्यात

मॅक्स २३२ या आरएस-२३२ ट्रान्सीव्हरमध्ये १२ नंबरचा पाय कंट्रोलरकडे जाणारा आणि १३ नंबरचा बाहेरून येणारा, दोघे शेजारी. बाहेरच्या पायावर मोकळ्या लाइनला उणे व्होल्टेज असतं, समोरच्या यंत्रानुसार उणे ५ पासून उणे १२ पर्यंत. या दोन पायांमध्ये केसाइतका सोल्डरचा पूल किंवा फ्लक्समधला बारीक छरा आला की ते व्होल्टेज थेट कंट्रोलरच्या पिनवर जातं. खालचा डायोड शॉर्ट झालेली पिन आणि मॅक्स २३२ असं एकत्र दिसलं तर भिंग घेऊन आधी ही जागा बघा, मग बझर मोडवर १२ आणि १३ तपासा. सुरुवातीला शॉर्ट नसेल आणि ओलाव्याने होत असेल तर बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून वाळवा.

६ नंबरच्या पायावरचा कपॅसिटर उलटा लावण्याची चूकही नेहमीची. तिथे उणे व्होल्टेज असतं, म्हणून कपॅसिटरची अधिक बाजू ग्राउंडला जाते. नवे बोर्ड करत असाल तर मॅक्स ३२३२ घ्या. तो ३ ते ५.५ व्होल्टवर चालतो, ३.३ व्होल्टवर ०.१ मायक्रोफॅरडचे साधे सिरॅमिक कपॅसिटर पुरतात आणि उलटसुलटचा प्रश्नच राहत नाही.

आणि परत आरएस-४८५ कडे: कंट्रोलरची ट्रान्समिट पिन चुकून आरओला जोडण्याचा प्रकार. काही मॉड्यूलवर 'टीएक्स-आरएक्स' अशी नावं असतात आणि ती मॉड्यूलच्या नजरेतून की कंट्रोलरच्या, हे कळत नाही. दोन आउटपुट एकमेकांना जोडले गेले तरी मोकळ्या लाइनला दोन्ही हाय असतात, म्हणून काही बिघडलेलं दिसत नाही. पाठवायला लागलं की भांडण सुरू. नावावर जाऊ नका, आयसीच्या पायापर्यंत ट्रॅक मोजत जा: १ नंबर आरओ, ४ नंबर डीआय.

टेबलावर चालतं, साइटवर मरतं

हे ऐकलं की मी कंट्रोलर बाजूला ठेवतो आणि ग्राउंडबद्दल विचारतो. आरएस-४८५ चे ए आणि बी पाय (लाइनच्या दोन वायरा जोडायचे) ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच चालायला बनवलेले असतात. मॅक्स ४८५ ची जळण्याची हद्दही त्याच्या लागूनच आहे, उणे ८ ते अधिक १२.५. 'दोन वायर पुरतात' हे अर्धसत्य आहे. फरक दोन वायरांमधला वाचला जातो, पण त्या दोन्ही वायरा या हद्दीत राहाव्यात म्हणून दोन्ही टोकांची ग्राउंड कशाने तरी बांधलेली असावी लागतात.

निफाडकडच्या एका द्राक्षबागेत विहिरीवरच्या पॅनेलमधला एनर्जी मीटर घरातल्या कंट्रोलरला जोडला होता, मध्ये दोनेकशे मीटर केबल, फक्त ए आणि बी. मीटरच्या पोर्टला आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंची ग्राउंड एकमेकांपासून तोडून ठेवणारी सोय, नव्हतं. प्रत्येक वेळी ट्रान्सीव्हर आणि रिसीव्हची पिन जोडीने जायची. काढलेल्या ट्रान्सीव्हरमध्ये ए पाय ग्राउंडला शॉर्ट सापडला, म्हणजे घाव बाहेरून आला हे उघड होतं. ए-बी सुट्या करून दोन्ही टोकांच्या ग्राउंडमध्ये एसी व्होल्टेज मोजलं. विहिरीवर काही चालू नसताना दीड-दोन व्होल्ट, आणि तिथले दिवे व फवारणीचा सिंगल फेज पंप चालू केला की वीसच्या वर. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडल्यावर कोणीतरी पॅनेलची बॉडी न्यूट्रलला बांधून टाकली होती, त्यामुळे न्यूट्रलवर पडणारं सगळं व्होल्टेज आमच्या ग्राउंडवर येत होतं. वीस व्होल्ट एसी म्हणजे शिखराला अठ्ठावीस. ज्याची हद्द बारा आहे त्या आयसीने तग धरावा अशी अपेक्षाच चुकीची. ही जोडणी माणसांच्याही जिवावर बेतणारी होती, म्हणून आधी वायरमनला बोलावून अर्थिंग नव्याने करून घेतलं, मीठ-कोळसा घालून. मग आयसोलेटेड ट्रान्सीव्हर लावला आणि केबलमधली तिसरी वायर सिग्नल ग्राउंडसाठी घेतली, घराच्या टोकाला १०० ओहममधून. क्रम असाच ठेवावा. आयसोलेटर लावून खराब अर्थिंग झाकायचं नाही.

लॅपटॉपचा धोका याहून घरचा आहे. दोन पिनांच्या किंवा अर्थ नसलेल्या सॉकेटला लावलेल्या चार्जरमधून लॅपटॉपच्या ग्राउंडवर गळतीचं व्होल्टेज तरंगत असतं. लॅपटॉपचा धातूचा भाग हाताला चुरचुरतो तो याचमुळे. पॅनेलच्या ग्राउंडपासून लॅपटॉपच्या यूएसबीच्या बॉडीपर्यंत एसीवर मोजलं तर साठ ते शंभरच्या आसपास आकडा येतो. करंट अगदी थोडा असतो, पण वायर टेकवतानाच्या पहिल्या क्षणी साठलेला चार्ज जी वायर आधी टेकेल तिच्यातून जातो. ती डेटाची असेल तर पिन गेली. साइटवर प्रोग्रॅम करताना चार्जर काढा आणि बॅटरीवर काम करा. ग्राउंडची वायर सगळ्यात आधी जोडा, सगळ्यात शेवटी काढा.

चार कोअरच्या केबलमधून ए, बी, २४ व्होल्ट आणि ग्राउंड एकत्र नेले असतील तर कधीतरी कोणीतरी २४ व्होल्ट बीवर लावणारच. इथे माणसाला दोष देऊन उपयोग नाही, पॅनेलमध्ये प्रकाश कमी असतो आणि वायरांचे रंग हातात असतील तसे वापरले जातात. अशा ठिकाणी एसएन६५एचव्हीडी१७८१ हा ट्रान्सीव्हर लावा, त्याचे बसचे पाय ७० व्होल्टपर्यंत दोन्ही बाजूंनी सहन करतात. एलटीसी२८६२ ही ६० व्होल्टवाली. किंमत जास्त आहे, पण साइटवरच्या एका फेरीच्या खर्चात ती भरून निघते.

वळवाच्या पावसात मरणाऱ्या पिनांचं कारण वेगळं सांगायला नको. जवळपास वीज पडली की लांब केबलमध्ये झटका येतो. यासाठी ए आणि बीवर एसएम७१२ हा टीव्हीएस डायोड (झटका ग्राउंडकडे वळवणारा) ग्राउंडला लावा. तो मुद्दाम आरएस-४८५ च्या हद्दीनुसार असमान बनवला आहे, एका दिशेला ७ आणि दुसऱ्या दिशेला १२. तो कनेक्टरला चिकटून हवा, ट्रान्सीव्हरजवळ नको. कनेक्टर, मग एसएम७१२, मग दोन्ही वायरांत १० ओहम, मग ट्रान्सीव्हर. उघड्यावरून जाणाऱ्या केबलला याच्याही आधी गॅस डिस्चार्ज ट्यूब लागते, आणि तिच्या व एसएम७१२ च्या मध्ये रीसेट होणारा फ्यूज.

आयसोलेशन वापरताना एक जागा कायम तपासा. आयसोलेटरच्या दोन्ही बाजूंना वेगळे सप्लाय आणि वेगळी ग्राउंड हवीत. बी०५०५एस सारखा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावून पुढे पीसीबीवर दोन्ही ग्राउंड एकाच कॉपरमध्ये ओतलेली असतात, किंवा बॉक्सच्या स्क्रूमधून जोडली जातात. बझर मोडवर दोन्ही ग्राउंडमध्ये आवाज आला तर आयसोलेशनचे पैसे वाया.

नवी चिप लावल्यावर, बॉक्स बंद करण्याआधी

कंट्रोलर आणि ट्रान्सीव्हर यांच्यामधल्या प्रत्येक वायरीत ३३० ओहम ते १ के चा रेझिस्टर ठेवा: रिसीव्ह, ट्रान्समिट, दिशा, तिन्हींमध्ये. बोर्डवर जागा नसेल तर ट्रॅक कापून ०८०५ साइझचा आडवा सोल्डर करता येतो. संरक्षणाबरोबरच तो मोजायची सोयही करून देतो. रिसीव्हच्या वायरीत १ के लावा, लाइन मोकळी ठेवा आणि मीटर डीसी व्होल्टवर घेऊन त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १ के वर जेवढे व्होल्ट, तेवढे मिलिअँपिअर. सगळं बरोबर असेल तर आकडा काही मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही. १.१ व्होल्ट दिसले तर १.१ मिलिअँपिअर सतत पिनच्या डायोडमध्ये जातोय. हे माप तीन वेळा घ्या: सगळे सप्लाय चालू असताना, फक्त कंट्रोलरचा काढून, आणि साइटची केबल जोडून समोरचं यंत्र चालू-बंद करताना. आकडे बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी बोर्ड उघडणाऱ्याला सुरुवात तिथूनच करता येते.